क्लाउडवर काम पाठवताना रेडिओचाही हिशेब हवा
जड गणन क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या दूरच्या संगणकांवर, पाठवले की मोबाइलची बॅटरी हमखास वाचते असे म्हटले जाते; हे विधान अर्धेच खरे आहे. बुद्धिबळाच्या पटाची स्थिती मोजक्या बाइटांत मावते, पण चालींच्या शोधात प्रोसेसर दमतो, म्हणून तेथे हा व्यवहार परवडतो. याउलट मोठा व्हिडिओ किरकोळ प्रक्रियेसाठी पाठवला, तर वाचलेली ऊर्जा फोनचा रेडिओच, म्हणजे बिनतारी माहिती पाठवणारा-घेणारा भागच, खाऊन टाकतो. शिवाय थ्रीजी-फोरजीवर माहिती पाठवून झाल्यानंतरही रेडिओ काही सेकंद जागाच राहतो, आणि नेमका हाच खर्च हिशेबातून निसटतो (माझ्याही निसटला होता). सिग्नल क्षीण असेल, तर काम फोनवरच उरकलेले बरे. २०१० साली मांडलेली ‘माउई’ ही प्रणाली म्हणूनच कोणते काम दूर पाठवायचे, हे प्रोग्रॅम चालू असतानाच जोडणीची अवस्था पाहून ठरवत असे.