पेलोडला एकच मराठी शब्द हवा आहे, तातडीने

अर्धविराम, सायं. ६:४२
मंडळी, एका माहितीपुस्तिकेचं मराठी करतोय. तीत 'पेलोड' हा शब्द ३१ वेळा आलाय. एकच सुटसुटीत मराठी शब्द हवा, जो सगळीकडे बसेल. 'भार' लिहून बघितला. निम्म्या वाक्यांत चपखल बसतो, उरलेल्या निम्म्यांत काहीतरीच वाटतो. उद्या सकाळी ९ला मजकूर द्यायचाय. शब्दकोश पाहून झालेत, दुवे नकोत. अर्थ साधारण माहीत आहे, फक्त शब्द सांगा.

टिचकी, ६:४९
पुस्तिका कशाची आहे?

अर्धविराम, ६:५१
तांत्रिक.

टिचकी, ६:५२
ते कळलं हो. कवितासंग्रहात पेलोड येत नाही. तांत्रिक म्हणजे ट्रक, विमान, रॉकेट, इंटरनेट की व्हायरस?

गियरबॉक्स, ७:०३
हा शब्द मुळात आमचा, मालवाहतुकीतला. १९१४च्या सुमाराचा. पे म्हणजे पैसे, लोड म्हणजे ओझं. ज्या वजनाचं भाडं मिळतं ते पेलोड. गाडीचं स्वतःचं वजन, डिझेल, ड्रायव्हर, स्टेपनी यांचं भाडं कोणी देत नाही. समजा भरलेल्या गाडीला एकूण १८,५०० किलोची परवानगी आहे आणि रिकामी गाडी ६,५०० किलो भरते, तर पेलोड १२,००० किलो. इतकं सोपं आहे. आम्ही त्याला पासिंग म्हणतो. तेच लिहा.
एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. एकदा काट्यावर आमची गाडी ६० किलो जादा भरली. भरताना पोती मोजून घेतली होती, एकही जास्त नव्हतं. शेवटी कळलं, रात्रभराच्या पावसात ताडपत्री आणि दोरखंड भिजून चिंब झाले होते. ते ६० किलो पाण्याचे. पाण्याचं भाडं कोण देणार?

अर्धविराम, ७:०८
पासिंग नाही चालणार. एक वाक्य देतो म्हणजे कळेल: "उड्डाणापूर्वी पेलोडचे वजन तपासा."

उंचभरारी, ७:१५
आधीच सांगायचं ना, विमान आहे म्हणून! विमानात पेलोड म्हणजे प्रवासी, त्यांचं सामान, माल आणि टपाल. इंधन त्यात धरत नाहीत. इथेच लोक घोळ घालतात. इंधन सोडून विमानाचं वजन किती असावं याची वेगळी कमाल मर्यादा असते. त्यातून उड्डाणाला सज्ज पण रिकाम्या विमानाचं वजन वजा केलं की जास्तीत जास्त पेलोड निघतो. आता पल्ला वाढवायचा तर इंधन वाढवावं लागतं, आणि एका हद्दीनंतर इंधन वाढवायचं तर पेलोड उतरवावा लागतो. अगदी लांबच्या उड्डाणात मागणी असूनही काही आसनं रिकामी नेतात, ती यामुळे. छोट्या विमानांच्या पुस्तिकेत 'युजफुल लोड' असाही शब्द येतो. त्यात मात्र इंधन येतं, वैमानिकही येतो. दोन्हींना 'उपयुक्त भार' लिहून ठेवलंत तर पंचाईत होईल.

अर्धविराम, ७:१९
विमान नाही, ड्रोन आहे. मला वाटलं उड्डाण म्हटल्यावर कळेल.

टिचकी, ७:२०
उड्डाण म्हटल्यावर पतंगही आठवतो.

खगोलवेडी, ७:३१
रॉकेटवाल्यांना कोणी विचारलं नाहीये, तरी सांगते, कारण तुमचा 'एकच शब्द' का अडतोय ते यातून कळेल. चांद्रयान-३ घ्या. १४ जुलै २०२३ला एलव्हीएम-३ रॉकेट उडालं, त्याचं उड्डाणाच्या वेळचं वजन साधारण ६४० टन. त्या रॉकेटच्या दृष्टीने पेलोड म्हणजे अख्खं यान, सुमारे ३,९०० किलो. यानात प्रणोदन कक्ष, म्हणजे पुढे ढकलत नेणारा भाग, आणि त्याच्या डोक्यावर चंद्रावर उतरणारा विक्रम. त्या कक्षाच्या दृष्टीने विक्रम हाच माल, १,७५२ किलो. विक्रमच्या पोटात २६ किलोचा प्रज्ञान. आणि प्रज्ञानचे पेलोड विचाराल तर एपीएक्सएस आणि लिब्स, दोन उपकरणं. म्हणजे एकाचा माल ही दुसऱ्याची गाडी. बातम्यांत कुणी 'पेलोड ३,९०० किलो' लिहितं, कुणी 'रोव्हरवर दोन पेलोड' लिहितं. दोन्ही बरोबर आहेत. प्रश्न 'पेलोड किती' असा नसतोच, 'कोणाचा पेलोड' असा असतो.

वैयाकरणी, ७:४०
एवढं रामायण कशाला? शब्द तयार आहे: नीतभार. संस्कृत 'नी' म्हणजे नेणे, 'नीत' म्हणजे नेलेला. हिंदी परिभाषेत रूढ आहे, इस्रोच्या हिंदी मजकुरातही तोच असतो.

टिचकी, ७:४४
मराठी माणूस 'नीतभार' वाचून नीतिमत्तेचं ओझं समजेल, काका.

वैयाकरणी, ७:४९
'दिनांक'ही एकेकाळी कानाला खटकलाच असेल. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाहीत. तुमच्यासारख्यांमुळेच भाषेची ही अवस्था झाली आहे.

टिचकी, ७:५१
दिनांक टिकला, अग्निरथ गेला. नीतभाराचं काय होणार ते उद्या सकाळी ९च्या आत कसं कळणार?

हिशेबनीस, ७:५५
पेलोड म्हणजे पगाराचा एकूण बोजा ना? मूळ वेतन, भत्ते, भविष्य निर्वाह निधी सगळं धरून? त्याला 'वेतनभार' म्हणता येईल. सूत्र हवं असेल तर देतो.

गियरबॉक्स, ७:५७
अहो, ते पेरोल.

अर्धविराम, ८:०२
मंडळी, विषयावर या. आता हे वाक्य बघा, त्याच पुस्तिकेतलं: "पेलोडची लांबी २५५ बाइटपेक्षा जास्त असू शकत नाही." इथे 'भार' कसा लिहू?

पॅकेट_हरवलं, ८:१०
अहो, मग हे आधी सांगायचं ना. ड्रोन आणि जमिनीवरचा संच एकमेकांशी बोलतात त्या संदेशांबद्दल आहे हे. मॅव्हलिंक असणार, म्हणजे अशा संदेशांची ठरलेली मांडणी. त्यात संदेशाच्या सुरुवातीला पेलोडची लांबी सांगणारा एकच बाइट असतो, आणि एका बाइटमध्ये २५५च्या वरचा आकडा मावत नाही. म्हणून ती मर्यादा. याचा किलोंशी काडीचा संबंध नाही.
नेटवर्कमध्ये पेलोड म्हणजे पाकिटातलं पत्र. वरचा पत्ता, शिक्का, तपासणीचा आकडा हे सगळं पाकीट. आणि खगोलवेडीताईंनी सांगितलं तेच इथेही आहे. इथरनेटच्या, म्हणजे तारेच्या नेटवर्कच्या, एका चौकटीत १,५०० बाइटचा पेलोड मावतो. आयपी आणि टीसीपी ही आतली आणखी दोन पाकिटं. त्यातले किमान २० बाइट आयपी स्वतःच्या पत्त्याला घेतं, किमान २० टीसीपी घेतं, तुमच्या खऱ्या मजकुराला उरतात १,४६०. व्हीपीएन लावलं की पाकिटात आणखी एक पाकीट, मग आणखी कमी. एकदा दोन दिवस डोकं धरून बसलो होतो: छोटी पानं उघडायची, मोठी अर्ध्यात लटकायची. आग लागली तर रामेश्वरी, बंब मात्र सोमेश्वरी, अशी गत. दोष सर्व्हरचा म्हणून सर्व्हर तपासत होतो आणि वाटेतल्या पाकिटाचं माप चुकलं होतं.

अर्धविराम, ८:१४
म्हणजे इथे 'मजकूर' लिहू?

पॅकेट_हरवलं, ८:१६
'मजकूर' म्हटलं की अक्षरं वाटतात. यात बॅटरीचा व्होल्टेज, उंची, दिशा असे नुसते आकडे असतात. 'संदेशातली माहिती' लिहा. वेबवाल्यांनीही हा शब्द टाकलाच की. ४१३ क्रमांकाच्या त्रुटीचं नाव २०१४च्या मानकात 'पेलोड टू लार्ज' होतं, २०२२च्या मानकात 'कंटेंट टू लार्ज' झालं.

रोबोटहात, ८:२५
वजनाच्या वाक्याकडे परत या, तिथे जास्त धोका आहे. आमच्या रोबोटच्या हाताचा पेलोड ५ किलो. पुठ्ठ्याचं खोकं ४ किलोचं, म्हणून निर्धास्त होतो. हात निम्मा उचलला की लाल दिवा लागून जागच्या जागी थांबायचा. कारण मनगटाला लावलेली पकड १.३ किलोची होती आणि ती पेलोडमध्येच धरतात. शिवाय खोकं मनगटापासून जितकं लांब धराल तितकं ते जड पडतं, हेही गणित असतं. तुमच्या पुस्तिकेत कॅमेऱ्याची चौकट, पट्टे, हुक यांचं वजन पेलोडमध्ये धरलंय का ते आधी बघा. नुसता शब्द चकचकीत करून उपयोग नाही.

उंचभरारी, ८:२८
ड्रोनमध्ये तर बॅटरी हेच इंधन. ती पेलोडमध्ये धरत नाहीत.

गियरबॉक्स, ८:३०
भिजलेली ताडपत्री धरतात.

अर्धविराम, ८:३७
बघितलं. "गिंबलसह" असं लिहिलंय, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या चौकटीसह, तळटिपेत, बारीक अक्षरात. धन्यवाद रोबोटहात, ती ओळ मी गाळणार होतो. पण आता हे: "उतरण्यापूर्वी पेलोड बंद करा." भार बंद करा?

टिचकी, ८:३९
भारनियमन!

खगोलवेडी, ८:४३
इथे पेलोड म्हणजे वजन नाही, वस्तू. ड्रोनला खाली लावलेला कॅमेरा, फवारणीचा संच, उष्णता टिपणारा सेन्सर, जे असेल ते. उपग्रहातही असंच बोलतात, "पेलोड सुरू केला" म्हणजे उपकरण सुरू केलं. 'जोडलेले उपकरण' लिहा.

औषधमात्रा, ८:५२
अवांतर आहे, पण राहवत नाही. कर्करोगाच्या काही औषधांतही पेलोड असतो. प्रतिपिंड हे वाहन, ते गाठीच्या पेशीवरची खूण ओळखून तिला चिकटतं. त्याला एका रासायनिक साखळीने अतिविषारी रेणू बांधलेला असतो, तो पेलोड. इतका जहाल की मोकळा शिरेतून दिला तर रुग्णालाच झेपणार नाही. पेशीच्या आत गेल्यावर तो सुटतो. जनुकोपचारात तर विषाणूचं आतलं सामान काढून त्या रिकाम्या खोळीत औषधी जनुक भरतात. एएव्ही नावाच्या विषाणूत जेमतेम ४,७०० अक्षरांचं सामान मावतं, त्याहून लांब जनुक असलं की डॉक्टरांचीही गियरबॉक्स यांच्यासारखीच ओढाताण.

अर्धविराम, ८:५५
गंमत म्हणजे पुस्तिकेत विषाणूही आहे. शेवटचं प्रकरण: "अनोळखी फर्मवेअर फाइलमधील पेलोड नियंत्रण प्रणाली निकामी करू शकतो."

कुलूपकिल्ली, ९:०४
हे माझं क्षेत्र. संगणकाच्या विषाणूत आत शिरणारा भाग वेगळा, पसरणारा वेगळा, आणि शिरल्यावर जे नुकसान करतो तो पेलोड. मायकेलएंजेलो नावाचा विषाणू वर्षभर गप्प पडून राहायचा आणि ६ मार्चला डिस्कवरची माहिती पुसायचा. ते पुसणं हा त्याचा पेलोड. उलट १९८८च्या मॉरिस वर्ममध्ये नासधूस करणारा पेलोड नव्हताच. पण त्याच्या प्रतीच इतक्या झाल्या की संगणक गुदमरले. रिकामे ट्रकच रस्ता अडवून बसले म्हणा ना. औषधमात्रा यांच्या विषाणूत पेलोड म्हणजे औषध आणि आमच्या विषाणूत पेलोड म्हणजे विष, हे आजच लक्षात आलं.
अर्धविराम, तुम्ही 'घातक भाग' लिहा. आणि ती फाइल कुठून उतरवायची ते पुस्तिकेत लिहिलंय का? फाइलची डिजिटल सही तपासायला सांगितलंय का? नसेल तर कंपनीला कळवा.

अर्धविराम, ९:०७
मी फक्त भाषांतर करतोय हो.

वैयाकरणी, ९:१२
चार ठिकाणी चार शब्द! मूळ लेखकाने एकच शब्द वापरला असताना तुम्ही त्याचे तुकडे करणार? नीतभार चारही ठिकाणी चालतो. नेलेला तो नीतभार. वजन नेलं, माहिती नेली, विष नेलं.

रोबोटहात, ९:१५
"उतरण्यापूर्वी नीतभार बंद करा." काका, ड्रोन हवेत आहे, खाली माणसं आहेत, आणि चालवणारा शब्दाचा अर्थ शोधत बसलाय.

वैयाकरणी, ९:१८
ठीक आहे. धोक्याच्या सूचना सोडून बाकी ठिकाणी तरी लिहा.

खगोलवेडी, ९:२०
काकांचं एक मात्र खरं, चारही अर्थांना जोडणारा धागा 'नेणं' हाच आहे. भाडं मिळण्याचा भाग केव्हाच गळून पडला.

अर्धविराम, १०:५८
३० जागा झाल्या. ११ ठिकाणी 'वाहून न्यायचे वजन', ९ ठिकाणी 'जोडलेले उपकरण', ७ ठिकाणी 'संदेशातली माहिती', ३ ठिकाणी 'घातक भाग'. पहिल्यांदा कंसात 'पेलोड' दिलंय, कारण ड्रोनच्या पडद्यावर तेच दिसतं. एक वाक्य राहिलंय आणि ते बघून झोप उडाली आहे. हा सगळा एकच शब्द मोजलाय मी: "पेलोड सोडल्यानंतर पेलोड-स्थिती संदेशाचा पेलोड शून्य येईल."

टिचकी, ११:०१
हे लिहिणाऱ्याला एकदा भेटायला हवं.

पॅकेट_हरवलं, ११:०९
पहिला पेलोड हुकाला टांगलेला माल. दुसरा नाव आहे, कोणत्या प्रकारचा संदेश ते सांगणारं. तिसरा संदेशातली माहिती. पण 'शून्य' म्हणजे काय? माहितीची लांबी शून्य, की आत शून्य हा आकडा? दोन्हींत फरक आहे. लांबी शून्य असेल तर रिकामं पाकीट, आकडा शून्य असेल तर पत्रात 'हुकाला काही नाही' असं लिहिलेलं.

अर्धविराम, ११:१४
पुढच्या ओळीत "० = रिकामा, १ = भरलेला" असा तक्ता आहे.

पॅकेट_हरवलं, ११:१६
मग आकडा. "माल सोडल्यानंतर हुकाची स्थिती कळवणारा संदेश येईल. त्यात ० हा आकडा असेल." तिन्ही पेलोड गेले.

अर्धविराम, ११:१८
गेले. पाठवतोय. सर्वांचे आभार, काकांचेसुद्धा.

रानवाट, दुसऱ्या दिवशी, सकाळी ७:३५
धागा उशिरा पाहिला. माती भरायला पेलोडर भाड्याने घेणार असाल तर आधी त्याच्या बादलीचं माप विचारा, टनात नाही, घनमीटरमध्ये. ओली माती आणि कोरडी खडी यांत फार फरक पडतो.

गियरबॉक्स, ७:४१
या मुद्द्यावर माझं अनुमोदन.