साय-फाय कथेत पहिल्याच श्वासात ॲलर्जीने मरण, पटेल का?

कथावेडा: दिवाळी अंकासाठी साय-फाय लिहितोय. यान परग्रहावर उतरतं, ऑक्सिजन आहे म्हणून नायिका हेल्मेट काढते, कसलेतरी परागकण नाकात जातात नि पाच मिनिटांत घसा सुजून खेळ खलास. बायको म्हणते पहिल्याच फटक्यात असं होत नसतं. खरंय का? निम्मी लिहून झालीये हो 😩

खाजखुजली: वहिनींचं बरोबर आहे. पहिल्या वेळी शरीर फक्त परागातल्या प्रोटीनची ओळख करून घेतं, आयजीई नावाच्या ॲलर्जीवाल्या अँटीबॉडीज बनवून मास्ट सेल्स या पेशींवर चिकटवून ठेवतं, यात काही आठवडे जातात, मग पुन्हा तेच आलं की त्या पेशींतून हिस्टामिन हे सूज आणणारं रसायन सुटतं आणि बीपी धाडकन खाली. शार्ल रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञाने कुत्र्यांवर हेच पाहिलं, सी-ॲनिमोन या समुद्री प्राण्याचं विष एकदा पचवलेली कुत्री नंतर अगदी थोड्या डोसने मेली, १९१३ चं नोबेल मिळालं त्याला. सगळ्यांनाच हेल्मेट काढू द्या की, महिनाभर मजेत राहू देत, मग एकेक जण पडेल. जास्त टरकवेल वाचकाला.

निशाचर: मग अपोलो १७ चा अंतराळवीर हॅरिसन श्मिट? १९७२ ला सुटाला लागलेली चंद्रावरची धूळ यानात आली तर पठ्ठ्याचं नाक चोंदलं, स्वतःच त्याला 'हे फीवर', म्हणजे परागाच्या ॲलर्जीची सर्दी, म्हणाला होता.

खाजखुजली: चंद्रावर वारापाणी नाही त्यामुळे कण झिजत नाहीत, धारदारच राहतात, ते नाकाला टोचणारच. त्यात प्रोटीन कुठलं आलं?

बांधावरचा: एवढ्या लांब कशाला जाताय, गाजर गवत बघा. अमेरिकन गव्हाबरोबर आलं म्हणतात, पुण्यात १९५५ च्या सुमाराला दिसलं नि आता देशभर. आमच्या काकांची मान आणि कोपराचा आतला भाग चामड्यासारखा जाड झालाय, उन्हाळ्यातसुद्धा फुल शर्ट. ही वेगळी ॲलर्जी, टी-सेल्स या पांढऱ्या पेशींवाली, एक-दोन दिवसांनी उठते, जीव घेत नाही पण जगूही देत नाही. परग्रहावरून बी इकडे आलं तर काय, ते लिहा.

चिंगूळ: तुमचा सीन वाचवता येईल, थांबा. ट्रोपोमायोसिन नावाचं प्रोटीन कोळंबीत असतं, झुरळात नि घरातल्या धुळीच्या माइट्स या बारीक किड्यांमध्येही असतं, म्हणून एकाची ॲलर्जी असली की दुसऱ्यालाही रिॲक्शन येऊ शकते, आधी भेट झालेली नसली तरी. तर पराग काढा, तिथल्या किड्यांच्या अंगाची भुकटी हवेत उडवा, आणि बाईंना कोळंबी चालत नाही हे आधीच कुठेतरी सहज टाकून ठेवा. फक्त परग्रहावरच्या किड्यात आपल्यासारखंच प्रोटीन का, याचं उत्तर तयार ठेवा, नाहीतर खाजखुजली सोडणार नाही 😄

खाजखुजली: नाहीच सोडणार.

कथावेडा: चिंगूळ, जियो! यानात जेवणाचा सीन आहेच, तिथे कोळंबी घुसवतो. प्रोटीनचं बायकोला विचारतो.