'पॅरानॉईड': भरतीच्या गाण्याचं एवढं कौतुक कशाला?

कडू_कारलं
जुलै २०२५ पासून जो तो 'पॅरानॉईड' या गाण्यावर गहिवरतोय. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर हे गाणं करणारा हेवी मेटल बँड ब्लॅक सॅबथ शेवटचा वाजला, गायक ऑझी सिंहासनावर बसून गायला, समारोप याच गाण्याने. १७ दिवसांनी तो गेला. हळहळ मलाही आहे. पण गाणं म्हणून बघा हो. १९७० मध्ये दुसऱ्या अल्बमची लांबी कमी पडत होती, म्हणून निर्माता रॉजर बेनने आणखी एक मागितलं. बाकीचे जेवायला गेले, गिटारवादक टोनी आयोमीने रिफ (गाणंभर फिरणारी गिटारची धून) काढली, अर्ध्या तासात काम खल्लास. बेसवादक आणि गीतकार गीझर बटलरला तर ते लेड झेपलिन या दुसऱ्या बँडच्या 'कम्युनिकेशन ब्रेकडाऊन'सारखं वाटून धाकधूक होती. अल्बमचं नाव त्यातल्याच एका गाण्यावरून 'वॉर पिग्ज' ठरलं होतं, कंपनीने ते बदलून 'पॅरानॉईड' केलं, आणि मुखपृष्ठावर जुन्या नावासाठीचा ढाल-तलवारवाला तसाच राहिला! आठ मिनिटांच्या 'वॉर पिग्ज'पुढे हे पावणेतीन मिनिटांचं गाणं म्हणजे मांडव भरायला बोलावलेले पाहुणे.

उंबरठा
साफ असहमत. अभंगाला किती वेळ लागला हे विचारून आपण अभंग जोखतो का?
शब्दांकडे बघा. बाई मनाच्या दुखण्यावर काही करू शकत नाही म्हणून तिला सोडलेला माणूस, कशातच रस नाही, लोक हसतात तिथे याला रडू येतं. हे सरळसरळ डिप्रेशन आहे. आपल्याला तेव्हा डिप्रेशन आणि पॅरानॉईया (उगाच संशय घेण्याचं दुखणं) यांतला फरक कळत नव्हता, असं बटलरनेच नंतर सांगितलंय. गंमत म्हणजे शीर्षकातला शब्द अख्ख्या गाण्यात एकदाही येत नाही. कारखान्यांच्या गावातली विशीतली पोरं १९७० मध्ये हे एवढं उघड बोलतात, आणि तुम्ही मिनिटं मोजताय.

लोखंडी_कान
आयोमीची बोटं पत्र्याच्या कारखान्यात तुटली, म्हणून त्याने तारा सैल केल्या आणि हा जड आवाज आला. वारसा तो. गाणं कुठलंही घ्या.

सहा_तारा
दादा, थांबा जरा. बोटांचं खरं आहे. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात उजवा, आणि त्याच हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने टोपणं बनवली. पण तारा उतरवल्या त्या १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' अल्बममध्ये. 'पॅरानॉईड' नेहमीच्याच सुरात आहे. सुरुवात बाराव्या पट्टीवर, मग खाली येऊन सगळे ठोके वरून खाली. घरी वाजवून बघा, दुसऱ्या कडव्यापर्यंत मनगट बोलायला लागतं. आणि गिटारचा सोलो हेडफोनवर ऐका: एका कानात साधा, दुसऱ्यात रिंग मॉड्युलेटर या आवाज बदलणाऱ्या यंत्रातून गेलेला, पत्रा फाटल्यासारखा. एवढी अक्कल घाईच्या कामात कोण घालतं?

कडू_कारलं
सोलोचं मान्य. हे मी स्पीकरवरच ऐकत आलो, चूक माझी.
पण मग 'वारसा' कुणाचा ते सांगा. ब्रिटनमध्ये गाणं चौथ्या क्रमांकावर गेलं, बँड 'टॉप ऑफ द पॉप्स' या टीव्ही कार्यक्रमात दिसला, आणि कार्यक्रमांना किंचाळणाऱ्या पोरी यायला लागल्या. बँडच वैतागला, पुढे काही काळ सिंगल (सुटं गाणं) काढायचं टाळलं. आणि १९७९ मध्ये हे गाणं उचललं कुणी? डिकीज नावाच्या बँडने, म्हणजे पंक रॉकवाल्यांनी! मेटलची खरी पोरं त्याच अल्बममधल्या 'वॉर पिग्ज' आणि 'आयर्न मॅन'ची. हे तर पंकच्या घरी दत्तक गेलेलं.

उंबरठा
म्हणजे एका गाण्याने दोन घरं वसवली, हे तुम्हीच लिहिलंत. मी वेगळं काय म्हणत होतो?

लोखंडी_कान
तारांचं चुकलं, कबूल. पण कारलेबुवा, व्हिला पार्कवर पहिलं गाणं 'वॉर पिग्ज'च होतं की. तुमचं रडगाणं नक्की कशाबद्दल आहे?

कडू_कारलं
पहिल्या पंगतीला बसवलं, पण विडा दुसऱ्याला दिला. त्याबद्दल.

सहा_तारा
😄 हेडफोन लावलेत का अजून?