‘फेरमतदान’ की ‘दुसरे सार्वमत’? निसटत्या कौलाविषयी

प्रश्न (ऐरोली, नवी मुंबई) :
आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत पुनर्विकासाचा ठराव मोजक्या मतांनी मंजूर झाला, तेव्हा विरोधी सभासदांनी ‘फेरमतदान घ्या’ अशी मागणी केली. ब्रिटनच्या २०१६ च्या सार्वमताविषयी बोलतानाही हाच शब्द कानावर पडतो. निकाल निसटता लागला म्हणून तोच प्रश्न मतदारांपुढे पुन्हा मांडणे, या अर्थी हा शब्द बरोबर आहे का?

उत्तर (नौपाडा, ठाणे) :
मला तो येथे चुकीचा वाटतो. निवडणुकीच्या व्यवहारात फेरमतदानाचा अर्थ ठरलेला आहे. मतदान यंत्रात बिघाड झाला, मतपेट्या पळवल्या गेल्या किंवा कार्यपद्धतीत गंभीर त्रुटी राहिली, तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ५८ नुसार निवडणूक आयोग त्या केंद्रावरचे मतदान रद्दबातल ठरवू शकतो आणि मग ते नव्याने घेतले जाते. गणतीविषयी शंका असेल, तर मागायची ती फेरमोजणी. ब्रिटनमध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के मते पडली आणि दोन्ही बाजूंतले अंतर सुमारे १२ लाख ७० हजार मतांचे होते. तो निकाल कोणाला कितीही खुपला, तरी ते मतदान रद्द ठरलेले नव्हते. ‘फेरमतदान’ म्हटले की पहिले मतदान सदोष होते हे सिद्ध न करताच गृहीत धरले जाते, म्हणून मी ‘दुसरे सार्वमत’ असेच लिहितो.

‘कौल’ हा शब्द मात्र येथे फार नेमका आहे. कोकणातल्या देवळात देवाला कौल लावतात, तेव्हा मिळणारे उत्तर हा कौल. आणि जुन्या कागदपत्रांत राज्यकर्त्याने रयतेला दिलेले अभयवचन हाही कौलच. सार्वमतात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. २०१६ चे सार्वमत कायद्याने बंधनकारक नव्हते, तरीही आपण जो निर्णय द्याल तो अमलात आणू, असे आश्वासन ब्रिटिश सरकारने घरोघरी पाठवलेल्या पत्रकात दिले होते. असे वचन देऊन कौल घेतल्यावर केवळ अंतर थोडे आहे म्हणून पुन्हा विचारणे मला अन्यायाचे वाटते. १९९५ मध्ये आयर्लंडमध्ये घटस्फोटाला परवानगी देणारी दुरुस्ती अवघ्या ९,११४ मतांनी संमत झाली आणि ती टिकली. आपल्याला जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात ‘फूल’ म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण आणि ‘दोन पाने’ म्हणजे केंद्रशासित प्रदेश, अशी चिन्हे होती. दोन पानांना ३४,०२१ मते अधिक मिळाली. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष पुन्हा सत्तेवर आला, तरीही विलीनीकरणाचा प्रश्न मतदारांपुढे दुसऱ्यांदा गेला नाही. महाराष्ट्रात अनेकांना तो निकाल जिव्हारी लागला होता, पण तो पाळला गेला हे योग्यच झाले.

प्रश्न बदलला असेल, तर गोष्ट वेगळी. डेन्मार्कने जून १९९२ मध्ये युरोपीय संघ स्थापन करणारा मास्ट्रिख्ट करार ५०.७ टक्के मतांनी नाकारला. त्यानंतर समान चलन, संरक्षण, नागरिकत्व आणि न्यायविषयक सहकार्य या चार बाबींत त्या देशाला सवलती मिळाल्या आणि मे १९९३ मध्ये ५६.७ टक्के मतदारांनी होकार दिला. दुसऱ्या वेळी मतदारांपुढे आलेला मजकूर पहिल्यासारखा नव्हता, म्हणून या दुसऱ्या सार्वमताला मी रडीचा डाव म्हणणार नाही.

पुरवणी (वाशी) :
वरील विवेचनाशी मी सहमत आहे, परंतु बहुमताची अट आधीच ठरवण्याचा मुद्दा राहिला. स्कॉटलंडमध्ये १९७९ साली ५१.६ टक्के मते स्वतंत्र विधिमंडळाच्या बाजूने पडली, पण एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांचा पाठिंबा हवा, ही कायद्यातली अट पूर्ण झाली नाही; १९९७ मध्ये नव्या प्रस्तावावर तेथे पुन्हा मत घेतले गेले. अशी अट मतदानापूर्वी घातली, तर ती सर्वांना सारखीच लागू होते. निकाल पाहून घातली, तर हरलेल्या बाजूची सोय होते.

ऐरोलीच्या सभासदांनी ‘ठरावाचा फेरविचार’ असे शब्द वापरावेत. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार मंजूर ठराव रद्द करण्याचा ठराव सहा महिन्यांच्या आत सर्वसाधारण सभेपुढे आणता येत नाही, तेव्हा तारीख तपासूनच अर्ज द्यावा.