गूचची थैली : हौशी खेळाडूने निवृत्तीनंतर गौरवनिधी घ्यावा का?

लीकाठचा

केरी काउंटीने 2025 च्या जुलैमध्ये गेलिक फुटबॉलचे 39 वे अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवल्यापासून आमच्या कॉर्कच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी एकाच वादात संपते: केरीचा आजचा फॉरवर्ड डेव्हिड क्लिफर्ड मोठा की निवृत्त झालेला कॉलम कूपर मोठा? मला स्वतःला या प्रश्नात फारसा रस नाही, कारण दोघांचे काळ वेगळे आणि आता नियमही बदललेले. पण या वादात दर वेळी कोणीतरी 2017 मधल्या त्या मेजवानीचा विषय काढतो, आणि मग एरवी एकमेकांच्या डब्यातले खाणारी माणसे एकमेकांकडे बघेनाशी होतात. त्या मेजवानीबद्दलच मला लिहायचे आहे.

गेलिक फुटबॉल ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका बाजूला 15 खेळाडू असतात आणि चेंडू हाताने धरता येतो, पण चार पावलांपेक्षा जास्त पळायचे तर तो जमिनीवर आपटावा लागतो किंवा पायाने उडवून पुन्हा हातात घ्यावा लागतो. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून, दोन उंच खांबांच्या मधून गेला तर कूपरच्या काळात एक. 1884 मध्ये थर्लस येथे स्थापन झालेली गेलिक अॅथलेटिक असोसिएशन हा खेळ चालवते, आणि तिचा कणा म्हणजे हौशीपणा. अंतिम सामन्याला डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात 82,000 माणसे तिकीट काढून बसतात. मैदानात उतरणाऱ्याला पगार नसतो.

किलार्नीचा कॉलम कूपर, ज्याला सगळा देश ‘गूच’ म्हणतो, अशा खेळात 2002 पासून 2017 मधल्या निवृत्तीपर्यंत केरीचा खेळाडू होता. अंगाने किरकोळ, केस तांबूस, जागा कॉर्नर फॉरवर्डची, म्हणजे गोलजवळच्या कोपऱ्यातल्या आक्रमकाची. नऊ अंतिम सामन्यांत तो प्रत्यक्ष खेळला. त्यांपैकी 2004, 2006, 2007 आणि 2009 असे चार जिंकला आणि पाच हरला. आठ वेळा त्याची ऑल स्टार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, संघात निवड झाली. 2004 मध्ये मेयो काउंटीविरुद्ध त्याने केलेला गोल मी अजून महिन्यातून एकदा तरी पाहतो: उंचावरून आलेला चेंडू तो बचावपटूसह उडी मारून घेतो, खाली येता येताच वळतो, एक हूल देतो आणि जोर न लावता, जणू ताटात वाढावे तसा, चेंडू कोपऱ्यात सरकवतो.

निवृत्तीनंतर, 2017 च्या ऑक्टोबरात, डब्लिनमधल्या एका बड्या हॉटेलात त्याच्या सन्मानार्थ भोजन झाले. माणशी 500 युरो, दहा जणांचे टेबल 5,000 युरो. मिळालेल्या रकमेत केरीतील कर्करोग्यांना मदत करणारी संस्था आणि डब्लिनचे मुलांचे रुग्णालय यांचा वाटा होता, आणि एक वाटा स्वतः गूचचा होता. एवढ्यावरून देशभर गदारोळ उठला, कारण गेलिक खेळाडूच्या बाबतीत असे कधी झाले नव्हते.

माझे मत सरळ आहे. पंधरा वर्षे ज्याने गुडघे झिजवले, ज्याच्या खेळासाठी लोकांनी तिकिटे काढली, त्याने खेळ सोडल्यावर चाहत्यांनी राजीखुशीने दिलेली थैली घेतली तर त्यात कमीपणा कसला? आपल्याकडे साठी-पंच्याहत्तरीला समाजाने थैली अर्पण केली तर आपण टाळ्या वाजवतो; हिशेब मागत नाही.

उत्तरडब्लिनकर

असहमत, आणि ठामपणे असहमत.

माझी मुलगी ज्या क्लबात खेळते तिथे शनिवारी सकाळी आठ वाजता एक सत्तरीचे गृहस्थ चुन्याची गाडी ढकलत मैदानाच्या रेघा मारताना दिसतात. पावसाने रेघ पुसली की परत मारतात. निवृत्त पोस्टमन आहेत आणि गेली चाळीस वर्षे हेच करत आहेत. मुलींचे शर्ट कोण धुते, गोलपोस्टची फाटकी जाळी कोण शिवते, लांबच्या सामन्याला कोण कोणाच्या गाडीतून जाते, हे सगळे एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरते आणि त्यात पैशाचा शब्द निघत नाही. ‘कोणालाच मिळत नाही’ एवढ्या एका कारणावर हा डोलारा उभा आहे. त्यातून सर्वांत लाडक्या माणसाने पहिले पाकीट उचलले, तर चुन्याची गाडी ढकलणाऱ्याने स्वतःला काय समजावे?

डेरी काउंटीकडून 1993 चे विजेतेपद जिंकलेला जो ब्रॉली या मेजवानीवर तुटून पडला तेव्हा अनेकांनी त्याला मत्सरी ठरवले. तो तोंडाळ आहे, हे मान्य. पण स्वतःचे मूत्रपिंड एका परिचिताला देऊन आलेला माणूस ‘फुकट देणे’ या विषयावर बोलतो तेव्हा मी निदान ऐकून घेतो.

आणि थैलीचे म्हणाल, तर नाइल क्विन आठवा. हा पक्का व्यावसायिक सॉकरपटू; निवृत्तीच्या वेळी गौरव-सामना घेऊन त्याचे उत्पन्न स्वतः ठेवायचा त्याच्या खेळात रिवाज होता, त्याला अधिकार होता. 2002 मध्ये त्याने आपल्या गौरव-सामन्याचे सगळे उत्पन्न मुलांच्या रुग्णालयांना देऊन टाकले. व्यावसायिकाने सगळे दिले आणि हौशी म्हणवणाऱ्याने वाटा ठेवला, हे चित्र तुम्हाला खटकत नाही का?

आकडेमोड

मूळ लेखात एक दुरुस्ती नव्हे, पण भर घालतो. अखिल आयर्लंड स्पर्धेत गूच 85 सामने खेळला आणि त्याच्या नावावर 23 गोल व 283 पॉइंट, म्हणजे एकूण 352 गुण लागले. हा विक्रम 2019 मध्ये मेयोच्या किलियन ओकॉनरने मोडला. तेव्हा ‘सर्वांत जास्त’ या आधारावर थैली द्यायची असेल, तर ती आता मेयोला पाठवावी लागेल.

खरे म्हणजे फॉरवर्डच्या बाबतीत आकड्यांवर विसंबणेच धोक्याचे आहे. या 352 मध्ये फ्री किकचेही गुण आले, आणि फ्री किक अनेकदा दुसऱ्या कोणी तरी जमिनीवर आदळून मिळवलेली असते. उलट गूचचा मी पाहिलेला सर्वांत श्रेष्ठ खेळ आकड्यांत दिसतच नाही. 2013 च्या उपांत्य सामन्यात डब्लिनविरुद्ध तो कोपरा सोडून मध्यभागी, 11 क्रमांकाच्या जागी खेळला. केरीने पहिल्या सत्रात तीन गोल केले, तिन्ही दुसऱ्यांच्या नावावर. पण डब्लिनचा बचाव चिरत गेलेली किक कोणाची होती हे क्रोक पार्कमध्ये बसलेल्या पोरासोरांनाही कळत होते. केरी तो सामना 3-11 विरुद्ध 3-18 (आधी गोल, मग पॉइंट) असा हरले.

लाल_माती

मी कोल्हापूरचा. हा खेळ मी फक्त यूट्यूबवर पाहिला आहे, तेव्हा खेळाविषयी बोलणार नाही. थैलीविषयी बोलतो, कारण तो शब्द आमच्याकडचा आहे.

थैली आणि मेजवानी या एक गोष्टी नव्हेत. थैलीत गावाचा पैसा असतो. दूध संघापासून चहाच्या टपरीपर्यंत प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे टाकलेला, आणि म्हणूनच ती घेताना पैलवानाची मान खाली जात नाही. जत्रेच्या मैदानात निकाली कुस्ती झाल्यावर लोक फेट्यात नोटा टाकतात, त्यालाही कोणी लाच म्हणत नाही. 500 युरोच्या खुर्चीवर किलार्नीचा गवंडी बसला असेल काय? ती खुर्ची कंपन्या घेतात, आपल्या गिऱ्हाइकांना गूच दाखवायला. तेव्हा लीकाठच्या साहेबांचे तत्त्व मला पटते, त्यांनी दिलेला दाखला पटत नाही.

दुसऱ्या बाजूलाही एक विचारतो. 2014 मध्ये कबड्डीची व्यावसायिक लीग येईपर्यंत आपले कबड्डीपटू रेल्वे, पोलीस, बँका यांच्या नोकऱ्यांवर जगले. खेळाडू ‘हौशी’ होता, पण त्याचे घर खेळामुळे मिळालेल्या नोकरीवर चालत होते, आणि ही तडजोड आपण सन्मानाची मानली. गूचही बँकेत नोकरी करत होता असे वाचले. ती नोकरी चालते, जाहिरात चालते, मग जेवणाचे पाकीटच का चालत नाही?

लीकाठचा

‘लाल_माती’ यांनी माझी चूक बरोबर पकडली. तिकिटाच्या किमतीचे समर्थन मी करणार नाही. मूळ मुद्दा मात्र सोडत नाही, आणि त्यासाठी ‘उत्तरडब्लिनकर’ यांच्या चुन्याच्या गाडीकडे परत जातो.

त्या आजोबांबद्दल मला आदरच आहे. पण त्यांना कोणी सांगत नाही की आज रात्री काय जेवायचे. 2018 च्या एका संशोधन अहवालानुसार काउंटी संघातला खेळाडू या खेळासाठी आठवड्याला 31 तासांपर्यंत वेळ देतो, आणि हे नोकरी किंवा शिक्षण सांभाळून. 2009 मध्ये शिस्तभंगाच्या कारणावरून गूचला आणि त्याचा केरीतला साथीदार टोमास ओ शे याला एका सामन्याच्या सुरुवातीला बाहेर बसवण्यात आले. तेव्हा त्या दोघांकडून अपेक्षा व्यावसायिकाची होती, मोबदला मात्र हौशी माणसाचा. संघांच्या व्यवस्थापकांना टेबलाखालून पैसे मिळतात, ही कुजबुज इतकी वाढली होती की 2012 मध्ये खुद्द संघटनेला त्यावर चर्चापत्र काढावे लागले. म्हणजे हौशीपणाचे सोवळे पाळायचे ते फक्त शर्ट घालणाऱ्याने. गूचने निदान उघड्यावर, वर्तमानपत्रांच्या नाकासमोर, खेळ सोडल्यानंतर घेतले. संघटनेनेही त्याला अडवले नाही.

आणि गुडघ्याचे काय? 2014 च्या फेब्रुवारीत क्लबच्या उपांत्य सामन्यात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि वाटीलाही इजा झाली. तो 30 वर्षांचा होता. व्यावसायिक खेळात अशा वेळी करार असतो. इथे त्याने ते वर्ष कुबड्या आणि व्यायामशाळेत काढले आणि परत येऊन 2015 चा अंतिम सामना खेळला.

उत्तरडब्लिनकर

गुडघ्याचे उदाहरण तुम्ही काढलेत ते बरे झाले, कारण ते माझ्याच बाजूचे आहे.

2014 मध्ये गूच जायबंदी असताना केरीने डोनेगॉलला हरवून चषक जिंकला. त्याला पाचवे पदक मिळाले ते एक मिनिटही न खेळता. त्या वर्षी त्याच्यावाचून चौदा नव्हे, पंधरा जण पुरे पडले. त्या पंधरांनीही आठवड्याला तितकेच तास दिले. राखीव गोलरक्षकाने तर वर्षभर तितकेच तास दिले आणि मैदानात पाऊलही टाकले नाही. ‘कष्टाचा मोबदला’ असे तुमचे तत्त्व असेल तर पहिली थैली त्या राखीव गोलरक्षकाची. ‘लोकप्रियतेचा मोबदला’ असेल तर तसे स्पष्ट म्हणा. कॉर्नर फॉरवर्ड ही जागाच अशी आहे की चेंडूने पाऊण मैदान दुसऱ्यांच्या हातापायांतून कापलेले असते आणि शेवटचा स्पर्श याचा होतो. टाळी शेवटच्या स्पर्शाला मिळते, हे ठीक. पैसाही त्यालाच मिळू लागला की मागचे लोक चेंडू पुढे देतील का, हा माझा प्रश्न आहे.

व्यवस्थापकांच्या टेबलाखालच्या पैशाबाबत तुमचे म्हणणे शंभर टक्के मान्य. पण एका भोकामुळे बोट गळते आहे म्हणून दुसरे पाडायचे, हा उपाय मला समजत नाही.

आकडेमोड

‘मागचे लोक चेंडू पुढे देतील का’ हे कोड्यात टाकणारे आहे, पण गूचच्याच बाबतीत लागू पडत नाही. 2013 चे उदाहरण मी त्यासाठीच दिले होते. लोकप्रियता विकायची असती तर तो कोपऱ्यातच राहिला असता. मध्ये येऊन तो स्वतः ‘मागचा माणूस’ झाला. शिवाय केरीच्या फॉरवर्डला पैसा मिळवायचा असेल तर दार उघडे होतेच: टाइग केनेली ऑस्ट्रेलियात तिथले व्यावसायिक फुटबॉल खेळायला गेला, सिडनीच्या संघाकडून 2005 ची लीग जिंकला आणि परत येऊन 2009 मध्ये केरीचे पदकही घेतले. त्याला कोणी पाखंडी म्हटले नाही, उलट डोक्यावर घेतले.

लाल_माती

मग दोघांनाही एक विचारतो. हेच जेवण डब्लिनच्या हॉटेलाऐवजी किलार्नीत, गूचच्या डॉक्टर क्रोक्स क्लबात असते, तिकीट 20 युरो असते, वाढपी क्लबचेच असते आणि जमलेली रक्कम तशीच तीन वाट्यांत गेली असती, तर?

लीकाठचा

तर मी सहकुटुंब गेलो असतो, आणि तो वाटा गूचने ठेवलाच पाहिजे असा आग्रह धरला असता.

उत्तरडब्लिनकर

20 युरो असते तर मीही गेलो असतो, डब्लिनकर असूनही. 2011 चा डब्लिन-केरी अंतिम सामना मी क्रोक पार्कच्या हिल सिक्स्टीनवरून, म्हणजे उभ्याने पाहायच्या भागातून, पाहिला आहे. गूच केरीचा कर्णधार होता, पहिल्या सत्रात गोल त्याचाच होता आणि शेवटची काही मिनिटे उरली असताना केरी चार गुणांनी पुढे होते. मग आमचा गोल झाला, बरोबरी झाली आणि शेवटच्या भरपाईच्या वेळेत आमचा गोलरक्षक स्टीफन क्लक्स्टन आपली जागा सोडून सबंध मैदान पार करून आला, फ्री किक मारली, ती दांडीवरून जाताच वळला आणि तसाच धावत परत गेला. आम्ही 1-12 विरुद्ध 1-11 असे, एका गुणाने जिंकलो. त्या गूचच्या पानाला लाडू वाढायला माझी काही हरकत नसती. पाकीट मात्र मी रुग्णालयाच्याच पेटीत टाकले असते, त्याच्या देखत.