छत्री सॅकला बांधून दोन्ही हातांत काठ्या: सह्याद्रीच्या पावसात चालतं का?

घाटवाट: परवाच्या पोस्टीत सल्ला होता, छत्रीचा दांडा सॅकच्या पट्ट्याला दोन जागी बांधा, हातांत काठ्या घ्या, पोंचो (सॅकसकट अंगावर घ्यायचा सैल रेनकोट) घरी ठेवा, 'पावसाळी ट्रेकला याला तोड नाही'. नवखी पोरं असलं वाचून तसंच निघतात, म्हणून लिहितोय. अमेरिकेत पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी टप्प्यात लोक चंदेरी छत्री बांधून चालतात, पण ती उन्हासाठी. जुलैत कळसूबाईच्या वरच्या अंगाला पाऊस आडवा येतो. हातातली छत्री वाऱ्याकडे कलती करता येते, फारच ओढली तर सोडून देता येते. बांधलेली छत्री खांद्यासकट माणसाला खेचते. शिड्यांवर वर बघावं तर कापड आडवं, काड्या कठड्यात अडकतात. आणि शिडीवर काठ्या कुठल्या? त्या सॅकलाच लावायच्या.

डोंगरवेडी: सोयीचा तेवढा कळसूबाई घेतलात. लोणावळ्याहून राजमाचीला चला ना! रुंद गाडीवाट, चढ बेताचा. तिथे पोंचोत आतून घामाने चिंब व्हायचं, चष्म्याच्या काचा दर वळणावर पुसायच्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला दोन्ही काठ्या लागतात. छत्री धरायला तिसरा हात कुठून आणू?

खाडीपलीकडचा: हात मोकळे ठेवून पावसात राबायची सोय आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. इरलं. बांबूच्या कामट्या, वर पळसाची पानं, डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकलेली. आजी त्यात दिवसभर भात लावायची. ते सोडून जर्मन कंपनीची छत्री मागवायची?

घाटवाट: इरलं वाकून काम करणाऱ्यासाठी आहे. उभं राहिलं की पुढून भिजतो. आणि सॅक कुठे घालणार?

खाडीपलीकडचा: घाट चढताना तुम्ही ताठ चालता? खालच्या गावातली माणसं इरलं घेऊन गुरांमागे रान तुडवतात, त्यांचं काही अडत नाही. तुम्हाला घरचं काही चालतच नाही.

सांदण: पुरे हो इरल्याचं कौतुक. माझी आई लावणीला जायची. इरलं भिजलं की जड होतं, मान अवघडते. प्लॅस्टिकचा कागद मिळाला त्या वर्षी तिने इरलं माळ्यावर टाकलं ते टाकलंच. ज्यांना ते वापरावं लागलं त्यांना विचारा आधी.

खाडीपलीकडचा: तोच कागद आता हरिश्चंद्रगडावर टपरीमागे फाटून पडलेला असतो. वीस रुपयांचे रेनकोट, एका दिवसात चिंध्या. त्यावर कोणी धागा काढत नाही.

सांदण: कचऱ्याचं मान्य. तो माझ्या आईने नाही टाकला.

डोंगरवेडी: माझा प्रश्न राहिलाच. दोन काठ्या लागणाऱ्याने काय करायचं?

घाटवाट: बरं, राजमाचीच्या गाडीवाटेवर बांधा. खिंडीत, कड्यावर, शिडीवर नाही. ढगांचा गडगडाट ऐकू आला की छत्री मिटायची आणि उघडा माथा सोडायचा. बांधायला नाडीची गाठ नको, भिजली की सुटत नाही. वेल्क्रो लावा, एका ओढीत निघाला पाहिजे. एवढं त्या पोस्टीत असतं तर मी लिहिलंच नसतं.

डोंगरवेडी: वेल्क्रोच आहे माझा. कोकणकड्यावर छत्री मीही उघडत नाही, ते सांगायला लागेल असं वाटलं नव्हतं.