घरासाठी ऑफर देऊन सोळा दिवस झाले, मालक हो म्हणेनात की नाही म्हणेनात. काय करावं?

भाडेकरू_कर्वेनगर

मंडळी, मदत हवी आहे. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हालाही नीट सांगता येणार नाही.

आम्ही पुण्यात कर्वेनगरात आठ वर्षं भाड्याने राहतोय. मुलीची शाळा इथलीच, बायकोचं ऑफिस पौड रस्त्याला, त्यामुळे हा भाग सोडायचा नाही. मार्चपासून रिसेलचे टू बीएचके बघतोय. बावीस बघून झाले. तेविसावा आवडला. जुनी सोसायटी, तिसरा मजला, लिफ्ट नाही, पण दोन्ही बाजूंनी वारा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर बकुळीचं झाड. मालक पंचावन्नच्या आसपासचे, त्यांच्या वृद्ध आई सोबत राहतात. आजींनी मुलीला नाव विचारलं, हातावर खडीसाखर ठेवली. बाहेर पडताना बायको जिन्यातच म्हणाली, "हेच."

मागणी ९५ लाखांची होती. एजंट म्हणाला, ९० ला तुटेल. आम्ही हिशेब मांडून ८६ सांगितले. गौरी विसर्जनानंतरचा रविवार होता तो. एजंट म्हणाला, नुसत्या तोंडी बोलण्याला वजन नसतं, चेक द्या. म्हणून मालकांच्या नावाने ५१ हजारांचा चेक लिहून एजंटच्या हातात दिला. "टाकणार नाही, फक्त दाखवणार," असं त्याचं म्हणणं. लेखी काही नाही.

तेव्हापासून आज सोळावा दिवस. आधी "गणपती होऊ द्या". मग "साहेब विचार करतायत". आता "पंधरवडा चालू आहे, या दिवसांत कोण व्यवहार बोलतं, घटस्थापनेनंतर बघू". हे मलाही कळतं. पण पितृपक्षात व्यवहार करू नये म्हणतात, "नाही" म्हणायलाही बंदी असते का?

अडचण अशी की आमचा भाडेकरार ३१ ऑक्टोबरला संपतो आणि घरमालकांना पुढच्या अकरा महिन्यांचं आत्ताच ठरवायचंय. बँकेचं ६५ लाखांचं मंजुरीपत्र तीन महिन्यांचं आहे, त्यातला एक गेला. उरलेले २१ लाख, वर मुद्रांक शुल्क, दलाली वगैरे धरून २८-२९ लाख आम्ही उभे करणार. त्यासाठी एक एफडी मोडायची आहे, ती मोडू की नको कळत नाही. शिवाय वारज्यात दुसरा एक फ्लॅट बरा वाटतोय, तिथला एजंट रोज फोन करतो.

प्रश्न असे:
मी स्वतः मालकांना फोन करावा का? एजंटला डावलल्यासारखं होईल का?
८६ चे ८८ करावेत का?
त्या चेकचं काय? आणि इथे बोलणं अडकलेलं असताना वारज्यात ऑफर देणं योग्य आहे का?

रात्री झोप लागत नाही. काल स्वप्नात त्यांच्या दारावरची जुनी पितळी पाटी दिसली. नाव वाचू गेलो तर अक्षरं पुसट. खरं तर पाटीवर त्यांच्या वडिलांचं नाव चांगलं ठसठशीत आहे.

चहाबाज

८८ अजिबात करू नका. समोरच्याने तोंड उघडायच्या आधी स्वतःशीच घासाघीस करणारे तुम्ही पहिलेच. बाकी जाणकार सांगतीलच.

सातबारा

तुमची सगळी पोस्ट वाचली आणि शेवटच्या ओळीवर थांबलो. पाटीवर वडिलांचं नाव आहे. वडील हयात आहेत का? भिंतीवर हार घातलेला फोटो होता का?

वडील वारले असतील आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने तो फ्लॅट आई आणि सगळ्या मुलामुलींचा, सारख्या हिश्शाने. चिरंजीव नॉमिनी असतील आणि सोसायटीने भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) त्यांच्या नावावर केलं असेल, तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो बाकीच्यांच्या वतीने सांभाळणारा. हे कित्येक विकणाऱ्यांनाच माहीत नसतं. ते बिचारे आपण मालक समजून घर दाखवतात. मग गिऱ्हाईक आकडा सांगतं आणि त्या दिवशी घरात पहिल्यांदा विषय निघतो.

तेव्हा किंमत नंतर. आधी होकार कोणाकोणाचा लागणार आहे ते काढा. सोसायटीच्या सचिवांना भेटून भागपत्र कोणाच्या नावावर आहे, मागच्या बाजूला हस्तांतराची नोंद काय आहे, एवढं विचारा. बहुतेक सचिवांना बोलायला आवडतं.

दुसरं, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. गाव आणि मिळकत क्रमांक टाकला की त्या इमारतीतले नोंदलेले व्यवहार निघतात. सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) उघडा, मोबदला लिहिलेला असतो. त्याच इमारतीत गेल्या दोन वर्षांत काय भाव लागला हे कळलं की ८६ कमी की जास्त याची रात्रभर चर्चा करावी लागणार नाही. कॅप्चा चार वेळा चुकेल, धीर धरा.

भाडेकरू_कर्वेनगर

सातबारा, पोटात गोळा आला. फोटो होता. हार चंदनाचा. आमचं सगळं लक्ष बकुळीकडे. एजंटने "साहेब एकटेच मालक, काही झंझट नाही" असं दोनदा सांगितलं होतं. दोनदा का सांगितलं, हा प्रश्न आता पडतोय.

मोगरा

मी पलीकडच्या बाजूने लिहिते. चार वर्षांपूर्वी आम्ही तीन भावंडांनी नाशिकचं आईबाबांचं घर विकलं.

आम्हालाही अशीच एका जोडप्याची ऑफर आली होती. चांगली माणसं होती. त्यांना आम्ही सात आठवडे उत्तर दिलं नाही. आता लाज वाटते, पण तेव्हा खरंच सांगण्यासारखं काही नव्हतं. धाकटा भाऊ जर्मनीत. थोरल्याने त्याला न विचारता घर दाखवायला सुरुवात केली होती. आकडा आल्यावर त्याला फोन केला, तो म्हणाला, "घर विकायला काढलंय हे मला आज कळतंय?" आणि फोन ठेवला. पुढचे तीन आठवडे दोघे बोलत नव्हते, मी मध्ये. त्या जोडप्याला कुठल्या तोंडाने काय सांगणार? एजंट आम्हाला विचारायचा, आम्ही "बघतो" म्हणायचो. तो त्यांना काय सांगत होता देव जाणे.

गंमत म्हणजे किंमतीवर आमचं दहा मिनिटांत एकमत झालं. भांडण झालं ते देव्हाऱ्यावरून, आणि आईच्या शिलाई मशीनवरून. मशीन शेवटी माझ्याकडे आलं. मला शिवता येत नाही.

सांगायचं काय, गप्प बसणारा माणूस तुम्हाला खेळवतोच आहे असं नसतं. त्या घरात आजी आहेत. विकल्यावर त्या कुठे जाणार, हे ठरलंय का? आम्ही त्या जोडप्यालाच घर दिलं, पण ते टिकले कारण त्यांनी एकदा सरळ मला फोन करून विचारलं, "ताई, अडचण आकड्याची आहे की घरातली?" मी दोन मिनिटांत सगळं सांगून टाकलं. कोणी विचारलंच नव्हतं तोपर्यंत.

डोंबिवलीकर

मोगराताईंचं पटलं, पण सगळेच असे नसतात. आमच्या ऑफरचा आकडा दाखवून मालकाने दुसऱ्याकडून चार लाख जास्त काढले आणि आम्हाला एजंटकडून "सॉरी" आला. तारीख द्या. अमुक दिवसापर्यंत कळवा, नाहीतर आमचा प्रस्ताव नाही असं समजा. वारज्याचा फ्लॅटही बघत राहा. लग्न ठरलेलं नाही, नुसता कांदेपोह्यांचा कार्यक्रम झालाय.

सातबारा

डोंबिवलीकरांशी सहमत. कायद्यानेही तसंच आहे. समोरचा आपला स्वीकार पाठवत नाही तोवर प्रस्ताव मागे घेता येतो आणि मुदत घालून दिली असेल तर ती संपली की प्रस्तावही संपतो. वारज्यात बोलायला काही हरकत नाही. दोन्हीकडे एकदम होकार आला तर मात्र पंचाईत, म्हणून आधी इथली तारीख जाऊ द्या.

चेकबद्दल. लिहिलेल्या तारखेपासून तीन महिने तो चालतो, म्हणजे "टाकणार नाही" हे एजंटच्या शब्दावर आहे. परत मागा. टाळाटाळ झाली तर मालकांना लेखी कळवा की प्रस्ताव मागे घेतला, चेक वटवू नये, आणि मग बँकेला पेमेंट थांबवायला सांगा. क्रम उलटा करू नका. यापुढे विसार (आगाऊ रक्कम) द्यायचा तर विसार पावती करून, रक्कम, मुदत, आणि मालकी हक्कात खोट निघाली तर पैसे परत, हे लिहून घेऊनच. एफडी आत्ता मोडू नका.

आणि भावंडांपैकी कोणी परदेशात असेल तर एक लक्षात ठेवा. इथल्या मालकाकडून घेताना ५० लाख किंवा वरच्या व्यवहारात तुम्ही एक टक्का टीडीएस कापता. अनिवासी मालक असला की त्याच्या हिश्शावर कपात वेगळी आणि बरीच मोठी. दीर्घकालीन भांडवली नफ्याचा दर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के आहे, वर अधिभार आणि उपकर. कमी कपातीचा दाखला त्यांनी आयकर खात्याकडून आणला नसेल तर लोक हिश्शाच्या पूर्ण रकमेवरच कापतात. कापायला चुकलात तर खातं तुम्हाला धरणार. हे किमतीआधी बोलून घ्या, नंतर नात्यांत विस्तव पडतो.

चहाबाज

जाता जाता, फक्त बायकोच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी. ८६ वर ८६ हजार. दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत नाही. बँक कर्जाला काय म्हणते ते आधी विचारा.

भाडेकरू_कर्वेनगर

नऊ दिवसांनी लिहितोय. सगळ्यांचे आभार, विशेषतः पाटी वाचणाऱ्यांचे.

एजंटला सांगूनच मालकांना हा मेसेज पाठवला: "नमस्कार काका. आम्हाला घर मनापासून आवडलंय. ८६ लाखांचा आमचा प्रस्ताव दसऱ्यापर्यंत आहे. अडचण किमतीची आहे की घरातली, एवढं कळलं तरी आम्ही त्याप्रमाणे थांबू किंवा पुढे बघू. आजींना नमस्कार." शेवटची ओळ बायकोची.

दोन निळ्या खुणा आल्या आणि दोन दिवस काही नाही. घटस्थापनेच्या संध्याकाळी काकांचा फोन आला. पंचवीस मिनिटं बोलले. वडील गेले २०१९ मध्ये, मृत्युपत्र नाही. धाकटी बहीण कॅनडात. तिचा विकायला विरोध नाही, पण आईने कायम भावाकडे राहायचं की वर्षातले काही महिने तिच्याकडे, यावर गाडी अडली होती. आणि आजी म्हणत होत्या, बकुळ सोडून कुठे जाणार नाही. "तुमचा आकडा ऐकला त्या दिवसापासून घरात कोणी नीट जेवलेलं नाही हो," असं काका म्हणाले. मी उगाचच सॉरी म्हणालो.

आता ठरलंय ते असं. बहीण डिसेंबरात येणार आहे. काका आधी म्हणाले, ती हक्कसोडपत्र करून देईल आणि मी तिला पैसे पाठवीन. सातबारांचं वाचून मी विचारलं, पैसे घेणार असतील तर त्यांनी विक्रेता म्हणूनच सही करायला नको का, टीडीएससकट? काका गप्प झाले, मग म्हणाले सीएला विचारतो. किंमत ८८ वर आलीय. ई-सर्चवर त्याच इमारतीतला पहिल्या मजल्याचा व्यवहार सापडला, त्यावरून ८८ महाग वाटत नाही. (चहाबाज, पण आधी तोंड त्यांनी उघडलं!)

तोवर काहीच लेखी नाही आणि पैसेही नाहीत. चेक परत मिळाला, एजंटच्या पाकिटात चार घड्या होऊन पडला होता, काकांनी तो पाहिलाही नव्हता. भाडेकरार आणखी अकरा महिन्यांचा करतोय, पण एका महिन्याच्या नोटिशीवर सोडता येईल असं कलम घालून. मंजुरीपत्राची मुदत संपेल, बँक म्हणाली नवीन पगारपत्रकं देऊन पुन्हा करून देऊ, व्याजदर मात्र त्या दिवशीचा. वारज्याचा फ्लॅट परवा गेला. वाईट वाटलं, फार नाही.

एक विचारायचं राहिलं. बहिणीला डिसेंबरात यायला जमलं नाही तर ती तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) करून भावाला पाठवेल म्हणतात. ते इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावं लागतं, एवढं वाचलंय. हे काम केलेला आणि घाई न करणारा वकील कोथरूड-कर्वेनगर भागात कोणाच्या माहितीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.